तीन जगांची मोजणी

नानांच्या घरात खोली भाड्यानं घ्यायची तर दोन अटी होत्या. पहिली, खोली भाडेकरूनं स्वतः टेप लावून मोजायची आणि दहा फूट बाय अकरा फूट चार इंच भरली असं लिहून सही करायची. दुसरी, दर रविवारी दुपारी दोन वाजता ओसरीवर येऊन बसायचं आणि राक्षसांशी लढायचं.

दुसरी अट त्यांनी पहिलीच्याच आवाजात सांगितली. लढायचं म्हणजे काय, असं मी विचारलं.

"लढलंच पाहिजे असं नाही," नाना म्हणाले. "शेठ लढत नाहीत. पण हजर राहावं लागतं."

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि कुणाच्याही अटी मानायच्या नाहीत असं माझं धोरण होतं. पण मेहरूणला तलावाच्या अंगाला दुसरी खोली मिळत नव्हती. मी सही केली.

जळगावात एका साप्ताहिकाच्या छापखान्यात मी मुद्रितं तपासत असे. मूळचा मी धुळ्याचा. वडील गिरणीत होते. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. ती आम्ही आधी वाचायचो, मग फळीवर अंथरायचो, मग दाराच्या फटीत कोंबायचो. मी अक्षरं पत्रकांवर शिकलो, त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी कुणाला तरी जाब विचारलेला असतो अशी माझी समजूत झाली होती. छापलेला शब्द माणसाला मोकळा करतो, असं वडील म्हणायचे. ते मी मानत होतो. मेहरूणला राहायला येईपर्यंत त्यात मला काही उणं दिसलं नव्हतं.

नाना मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांतली शेतं मोजली आणि त्या काळात त्यांच्या सात बदल्या झाल्या. रावेरला एका बड्या माणसाच्या केळीच्या बागेची हद्द शेजाऱ्याच्या विहिरीकडे थोडी सरकवावी, एवढीच विनंती होती. हद्द सरकली नाही. नाना साक्रीला गेले. बदल्यांविषयी ते कुरकुर करत नसत. नुसतं माप सांगायचे. "रावेर, दीड फूट. जामनेर, नऊ इंच." लग्न का केलं नाही म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचे, "बदल्या."

रस्त्यानं चालताना ते बोलत नसत, कारण पावलं मोजत असत. घर ते पोस्ट आठशे बारा. वाटेत कुणी नमस्कार केला तर एक बोट वर करायचे. तो नमस्कार ते पोस्टाच्या पायरीवर पोचल्यावर परत करायचे. तेव्हा समोर जो असेल त्याला. पोस्टातले लोक त्यांना अतिशय नम्र समजत.

राक्षस त्यांच्याकडे पार्सलनं आले होते. अमेरिकेतल्या पुतण्यानं आपल्या मुलाची वापरून झालेली पुस्तकं खोक्यात घालून पाठवली. त्यांत तीन जाड पुस्तकं एका विचित्र खेळाची निघाली. या खेळाला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण जग सांभाळतो आणि बाकीचे त्या जगातली माणसं होतात. आपण म्हणायचं, "मी दार उघडतो," आणि दारामागं काय आहे ते जग सांभाळणाऱ्यानं सांगायचं. बाकी देव, चेटूक, अजगर, खजिना. तिन्ही पुस्तकांत जग वेगवेगळं होतं.

निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि नानांना मोजायला काही उरलं नव्हतं. त्यांनी तांबडं पुस्तक उघडलं. आत भुयारांचे नकाशे होते, चौकटीच्या कागदावर, आणि खाली प्रमाण दिलेलं होतं: एक घर, दहा फूट. अक्का सांगायच्या, त्या दिवशी नाना जेवायला तासभर उशिरा आले आणि आल्यावर म्हणाले, "दोन खोल्या एकमेकींवर चढल्यात." ही चूक त्यांनी प्रकाशकाला पत्रानं कळवली. उत्तर आलं नाही. दुसऱ्या पत्राची त्यांनी पोच मागवली.

मग त्यांनी तिन्ही पुस्तकांचं मराठी केलं. त्यांना मराठी एकच येत होतं, मोजणी कचेरीतलं. "मौजे अंधारदरी येथील सदर अजगर हा गट नंबर चारमध्ये वहिवाटीने राहत असून त्याच्या ताब्यात सोन्याचा ढीग आहे. सदर ढिगाबाबत कागदपत्र आढळून येत नाहीत." हे ते ओसरीवर मोठ्यानं वाचायचे आणि कुणी हसत नसे. मीही हसलो नाही. पहिल्या रविवारी माझं हसायचं राहून गेलं, आणि नंतर हसणं बरं दिसलं नसतं.

खेळात नशीब बघायला वीस बाजूंचा फासा लागतो. पार्सलात तो नव्हता, आणि वीस बाजूंचा फासा जळगावात कुणी पाहिलेला नव्हता. नानांनी वीस चिंचोके घासले, त्यांवर एक ते वीस आकडे घातले आणि अक्कांनी जुन्या लुगड्याची थैली शिवून दिली. थैलीत हात घालायचा, चिंचोका काढायचा. आकडा मोठा तर काम फत्ते. फक्त एक फरक होता. काढलेला चिंचोका नाना थैलीत परत टाकू देत नसत. विसाच्या वीस निघाल्यावर थैली पुन्हा भरायची. हे पुस्तकाला धरून नाही, असं मी म्हणालो. ते म्हणाले, "एकदा मोजलेला गट त्याच फेरीत पुन्हा मोजत नाहीत." त्यामुळे आमच्या ओसरीवर वाईट नशीब संपू शकत असे. परदेशातल्या मुलांना ही सोय नसावी.

नानांचं खरं काम मात्र वेगळंच होतं. लाल कापडी बांधणीच्या एका मोठ्या वहीत ते तिन्ही जगांचा तुलनात्मक तक्ता करत होते. पाणी कोठून येते. मेल्यावर काय. देव लक्ष घालतात काय. दोर किती लांबीचा मिळतो. शेवटी शेऱ्याची जागा. कुठलं जग चांगलं, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "आधी मोजणी, मग मत."

तरी मतं निसटायचीच. तांबड्या जगात माणसं भुयारात उतरतात, आत राहणाऱ्यांना मारतात, त्यांचं सोनं घेतात, आणि जितके मारले तितक्या पायऱ्या वर चढतात. नाना म्हणायचे, "इथं घरफोडीला पराक्रम म्हणतात." पण नकाशे याच जगाचे सगळ्यांत चांगले, हेही कबूल करायचे. "ज्याला लुटायचं असतं तो नीट मोजतो."

काळ्या पुस्तकातले राक्षस मारता येत नसत. तिथं माणसं जुने कागद शोधत, वाचत, आणि जितकं कळे तितकं त्यांचं डोकं फिरत जाई. जिंकत कुणीच नसे. थोडा उशीर तेवढा करता येई. देव होते, पण ते माणसाकडे बघतही नसत. मला हे जग त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटलं आणि ते पुस्तक मी इंग्रजीतून दोनदा वाचलं. नानांना त्यात नवल वाटत नव्हतं. "मी चार वर्षं अभिलेख कक्षात काढलीत," एवढंच म्हणाले.

निळ्या पुस्तकात गुराख्यांची कुळं होती. चूल पेटवण्यापुरता मंत्र तिथं प्रत्येकालाच येई. देव म्हणजे कुणाचे तरी आजोबा. शत्रूला मारण्याआधी तो मावशीकडून आपला कोण लागतो हे पाहावं लागे, आणि तो कुणीतरी लागतच असे. नकाशे मात्र भिकार. "टेकडीपासून हाकेच्या अंतरावर" असलं माप बघून नानांचा जीव कासावीस व्हायचा. तरी खेळायला ते हेच पुस्तक पुन्हा पुन्हा काढायचे. तिन्ही जगांची बोलण्याची ढबही त्यांनी टिपली होती. तांबड्या जगातली माणसं एस.टी. स्टँडवरच्यासारखी बोलतात, काळ्यातली मृत्युपत्रासारखी आणि निळ्यातली लग्नाच्या याद्या करताना बोलतात तशी. हा शेरा मी साप्ताहिकात छापायला मागितला होता. पडताळणी बाकी आहे, म्हणाले.

खेळायला आम्ही चौघं असायचो. शेठ कापडाचे व्यापारी. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले. शेठ जैन होते आणि खेळातसुद्धा हिंसा करत नसत. बाकीचे तलवारी काढत तेव्हा ते राक्षसाला विचारायचे, "भाईसाब, इथं ओल फार आहे. रात्री थंडी वाजत असेल ना?" एकदा त्यांनी पहाडी राक्षसांच्या टोळीला अकरा घोंगड्या विकल्या. नानांनी वहीत नोंद केली: टोळी शांत.

आबा नानांचे जुने चेनमन. मोजणीच्या साखळीचं पुढचं टोक धरून त्यांनी तीस वर्षं काटेकुटे तुडवले होते. धुळ्याजवळच्या खेड्यातून ते दर रविवारी सकाळच्या गाडीनं भाकरी बांधून येत. खेळातही त्यांचं एकच वाक्य असे. "मी पुढे जास." पुढे जायचे आणि मरायचे. मग शांतपणे विचारायचे, "मी मरी गवू का? बरं, दुसरा लिखा." नाना वारस नोंद करायचे. मी आलो तेव्हा आबा पाचवा चालू होता. मी असताना तीन गेले.

आणि अक्का. नानांची धाकटी बहीण, पण नानांसकट सगळे त्यांना अक्काच म्हणत. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी नवरा गेला आणि जामनेरकडच्या सासरच्यांनी त्यांना भावाच्या दारात आणून सोडलं, त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. नानांच्या बदल्यांत हे घर अक्कांनीच सांभाळलं. आठवडाभर त्यांना विचारले जाणारे प्रश्न दोन: भाकरी झाली का, आणि किल्ली कुठाय. रविवारी मात्र दोन ते पाच आम्ही तिघं पुरुष त्यांच्याकडे तोंड करून बसत असू आणि विचारत असू, "अक्का, आता काय करायचं?"

अक्का खेळात नावाडीण होत्या. खऱ्या होडीत त्या कधी बसल्या नव्हत्या. तलाव मात्र रोज बघत. उत्तर द्यायला इतका वेळ घ्यायच्या की शेठ चुळबुळ करायचे. नाना मान वर न करता म्हणायचे, "घे वेळ." मग अक्का जे सांगत ते बहुधा बरोबर असे आणि चुकलं तरी कुणी बदलत नसे. मी त्या घरात दीड वर्ष राहिलो. आम्ही त्यांना विचारत असू तेव्हा त्या पदर सारखा करायचं विसरत, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नव्हता.

कारण मी चिडलेला होतो. राजा, देव, मंत्र, जे माझ्या वडिलांच्या पिढीनं पत्रकं वाटून घराबाहेर काढलं, ते ही शहाणी माणसं रविवारी दुपारी परत आत घेत होती. मी आतून विरोध करायचं ठरवलं. तांबड्या भुयारातल्या खुज्या राक्षसांची मी संघटना बांधली आणि त्यांना संपावर नेलं. नानांनी हरकत घेतली नाही. तीन रविवार संप चालला. मग वहीत नोंद झाली: "संप मिटला. कारण, खुज्या राक्षसांना थोर राक्षसांनी खाल्ले."

त्या दिवशी मी बराच वेळ बोललो. पलायन, सरंजामी मनोवृत्ती, अफू, सगळं झालं. नानांनी ऐकून घेतलं, वहीत चौथा रकाना आखला आणि वर लिहिलं, "पत्रकातले जग". मग पेन उचलून माझ्याकडे पाहिलं.

"तुमचं जग आलं की तिथं पाणी कोठून येणार?"

सगळ्यांना समान मिळेल, असं मी सांगितलं.

"ते वाटप झालं. येणार कोठून?"

मला सांगता आलं नाही. दोर किती लांबीचा मिळेल, तेही नाही. मेल्यावर काय, या प्रश्नावर मी चिडून उठलो. नानांनी माझ्या जगाचा रकाना कोरा ठेवला. त्यात कुचेष्टा नव्हती. माहिती मिळाली नाही की ते कोराच ठेवत.

त्याच आठवड्यात आमच्या अंधश्रद्धाविरोधी मंडळाचं पत्रक निघायचं होतं. जवळच्या एका गावातला भगत आजारी माणसांना चटके देत होता, त्याच्याविरुद्ध. मजकूर माझा. शेवटी मी चार ओळी जास्तीच्या घातल्या. "जळगावातच, तलावाकाठच्या एका वस्तीत, दर रविवारी दुपारी शिकलेली माणसं थैलीतून चिंचोके काढत राक्षसांची नावं घेत बसतात. त्यांत एक स्त्रीही असते. भगतापेक्षा हे वेगळं काय?" नाव कुणाचंच नव्हतं. मी तत्त्वावर बोलत होतो. पत्रक गुलाबी कागदावर छापलं आणि एस.टी. स्टँडवर मी स्वतः वाटलं.

पुढच्या रविवारी निळं जग चालू होतं. नदीला पूर आला होता, पलीकडे कुळाची गुरं होती, आणि होडी अक्कांच्या हातात होती. थैलीत पाच चिंचोके उरले होते. अक्कांनी थैलीत हात घातला आणि तेवढ्यात अंगणात माणसं आली.

पुढं होते नानांचे एक चुलतभाऊ. मागच्या बाजूला त्यांचं घर. बरोबर गल्लीतले आठ-दहाजण. चुलतभावांच्या हातात गुलाबी कागद होता. त्यांच्या म्हशीनं आठ दिवसांपासून दूध कमी केलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: म्हैस अक्कानं करणी करून बांधली आहे, ती थैली जाळावी आणि अक्कानं आठ दिवसांत गल्ली सोडून सासरी जावं. सासर म्हणजे ज्यांनी तीस वर्षांत एक पोस्टकार्ड टाकलं नव्हतं ते घर. बाई करणी करते म्हणून ती तिथं परत गेली असती तर तिचं काय झालं असतं, हे अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं. अक्का थैलीतला हात तसाच ठेवून बसल्या होत्या.

मी उठलो. करणी नावाची गोष्ट नसते, हे पत्रक मीच लिहिलंय आणि त्याचा अर्थ असा होत नाही, असं मी सांगू लागलो.

"म्हणजे खोटं छापलंत?" चुलतभाऊ म्हणाले.

खोटं म्हणावं तर भगतावरचा मजकूरही खोटा ठरत होता. मी म्हणालो, खोटं नाही.

"मग खाली बसा."

मी बसलो. आयुष्यात मला इतक्या थोडक्यात कुणी हरवलेलं नाही.

नानांनी चष्मा पुसला. मोजणीच्या जागेवर भांडण ऐकताना जसे बसत असतील तसे बसले होते. म्हणाले, "करणी कोणत्या जगातली?"

"म्हणजे?"

"जगाजगात पल्ला वेगळा असतो. ही तिन्ही पुस्तकं छापील आहेत. तुमच्या हातातला कागद एकच आहे."

छापील म्हटल्यावर लोक जरा पुढं सरकले. नानांनी आतून जुनी साखळी आणवली, तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा सारख्या भागांची. मागचं टोक त्यांनी अक्का बसल्या होत्या त्या पाटाला लावलं. आबा उठले, पुढचं टोक घेतलं, "मी पुढे जास," म्हणाले आणि निघाले. गल्ली मागोमाग गेली. मोजणीत अंतर सरळ रेषेत घेतात, म्हणून चुलतभावांच्या पडवीतून जावं लागलं. त्यांनीच खाट बाजूला केली. पाटापासून म्हशीच्या खुंट्यापर्यंत तीन साखळ्या आठ आणे भरले. म्हणजे एकशे पंधरा फूट सहा इंच. चुलतभावांनी टोक स्वतः तपासलं.

परत आल्यावर नानांनी तांबडं पुस्तक माझ्या हातात दिलं. "तुमचं इंग्रजी चांगलं आहे. वाचा." मी वाचलं. शापाचा पल्ला साठ फूट. साठाचा आकडा चुलतभावांना वाचता येत होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं, ओठ हलवून वजाबाकी केली आणि बोट मागं घेतलं.

इथं थांबायला हवं होतं. दुसरा कुणीही थांबला असता.

"अजून दोन जगं बाकी आहेत," नाना म्हणाले.

शेठनी कपाळाला हात लावला.

निळ्या पुस्तकात अंतराचा प्रश्नच नव्हता. तिथं शाप रक्तातून जातो: कितीही लांब, पण भाऊबंदांनाच लागतो. मी तसं वाचून दाखवलं, कारण दुसरं काही सुचलं नाही. चुलतभाऊ ताठ झाले. "मग झालंच की. आम्ही भाऊबंदच."

नाना आत गेले आणि एक कागद घेऊन आले. तीन वर्षांपूर्वी मधल्या भिंतीच्या वादात चुलतभावांनी तहसीलला दिलेल्या अर्जाची नक्कल होती. अर्जदार व सामनेवाला यांचा कोणताही नातेसंबंध उरलेला नाही, असं त्यात होतं. खाली सही. नानांनी सही दाखवून विचारलं, "आपलीच ना?" गर्दीतली एक बाई फस्सकन हसली. चुलतभावांनी नातं नाही हे मान्य केलं.

मग काळं पुस्तक माझ्या हातात आलं.

मला पान शोधावं लागलं नाही. तिथं लिहिलं होतं की असा शाप कुठूनही कुठंही पोचतो, समुद्रापलीकडेही, आणि त्याला हद्द नाही. नानांना हे माहीत होतं. त्यांनीच त्याचं मराठी केलं होतं. ते वही उघडून, पेन टेकवून, माझ्या तोंडाकडे बघत होते. मदत नाही, इशारा नाही. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांचा हात अजून थैलीत होता.

तोवर मी छापलेलं वाचून दाखवताना एक अक्षर इकडचं तिकडं केलं नव्हतं. माझा तोच व्यवसाय होता आणि तोच धर्म होता.

"साठ फूट," मी म्हणालो.

चुलतभाऊ वाकून बघू लागले. "आकडा कुठाय?"

"अक्षरी आहे."

नानांचं पेन क्षणभर थांबलं. मग त्यांनी लिहायला सुरुवात केली. लिहिता लिहिता म्हणाले, "अक्षरी ग्राह्य धरतात."

हे सगळ्यांना पटलं. सरकारी कागदात आकडा आणि अक्षर यांत अक्षर खरं, हे गल्लीत लहान पोरालाही ठाऊक होतं. चुलतभावांनी पत्रकाची घडी केली, खिशात ठेवली आणि वळले. तेव्हा आबा म्हणाले, "भाऊ, तुनी म्हैस गाभण शे. दूध आटनारच."

मी त्यांच्यावर ओरडलोच. हे खुंट्याशी दिसलं तेव्हाच का नाही सांगितलं?

आबांना प्रश्न कळला नाही. "मोजणी चालू व्हती," ते म्हणाले. "मोजणीमा कोनी बोलस का?"

लोक गेले. शेठ चपला शोधू लागले. आता हे बंद होणार, असं मी धरून चाललो होतो, आणि खरं सांगायचं तर मला तोंड लपवायला ते बरंही वाटत होतं.

"बसा," अक्का म्हणाल्या. "डाव माझा आहे."

थैलीतून हात बाहेर आला. सतरा. होडी पुरात शिरली. आबा सवयीनं पुढं सरकले तेव्हा अक्कांनी त्यांना थांबवलं आणि त्या मला म्हणाल्या, "आबा सात वेळा मेलेत. भाऊ, आज होडीच्या नाकाडावर, पुढं, तुम्ही बसा." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "काळ्या पुस्तकाचं मराठी नानांनी आधी मलाच वाचून दाखवलं होतं. तुमचं इंग्रजी कच्चं आहे."

मी चिंचोका काढला. तीन. मी वाहून गेलो. शेठना दोर टाकता आला नाही, कारण तो त्यांनी आदल्या रविवारी विकला होता.

रविवार चालू राहिले. चुलतभाऊ एकदा येऊन दाराशी उभे राहिले, मग बसले. तांबड्या जगात त्यांना गोडी लागली. मी आणखी काही महिन्यांनी नोकरी बदलून धुळ्याला परत गेलो. पत्रकं अजूनही लिहितो. त्या भगतावर पुढं खटला झाला, त्यात आमच्या पत्रकाचा भाग होता, आणि त्याबद्दल मला लाज वाटत नाही. फक्त शेवटच्या चार ओळी मी आता दुसऱ्याला वाचायला देतो.

नाना गेल्याचं आबांकडून कळलं. मी जळगावला गेलो. ओसरीवर शेठ, आबा आणि चुलतभाऊ बसले होते, आणि जग अक्का सांभाळत होत्या. त्यांनी मला थांबायला सांगितलं, कारण डाव चालू होता. पाच वाजता लाल वही माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुमचंही त्यात काही आहे, भाऊ. बघून घ्या."

त्या रविवारचं पान मी काढलं. करणीचा पल्ला. तांबडे, साठ फूट. निळे, भाऊबंदकीपुरता. काळे, साठ फूट, आणि पुढं शेरा: "भाडेकरूने वाचून दाखविल्याप्रमाणे." सात बदल्या घेतलेल्या माणसानं त्या दिवशीही खोटं लिहिलं नव्हतं. खोटं माझ्या नावावर लावून ठेवलं होतं.

शेजारी चौथा रकाना होता, पत्रकातल्या जगाचा. पाणी, कोरं. दोर, कोरं. मेल्यावर काय, कोरं. त्या सबंध रकान्यात एकच नोंद होती, करणीच्या पल्ल्यासमोर, नानांच्या बारीक अक्षरात: "तीन साखळ्या आठ आणे, खुंट्यापासून अक्काच्या पाटापर्यंत. प्रत्यक्ष मोजणीप्रमाणे."